मी व्यंकोजी बोलतों

मामंजींचं तोंड वाकडं झालं तेव्हा तुळसीच्या हातात ओलं कातडं होतं.

शेळीचं कातडं दोन दिवस चुन्याच्या पाण्यात भिजून मऊ झालं होतं. ती उकिडवी बसून करवंटीनं त्याचे केस खरवडत होती. तिचा सासरा, म्हातारा व्यंकोजीराव, कडुलिंबाखाली खुंट्या ठोकत होता. कातडं ओलं आहे तोवर खुंट्यांना ताणून बांधायचं आणि एका उन्हात सुकवायचं, नाहीतर त्याची बाहुली होत नाही, नुसता वास होतो. ऊन तर असं होतं की बोलायची सोय नाही. मे महिना, अग्निनक्षत्राचे दिवस, आणि अंगणाच्या मागं कंपनीची लांबच लांब पांढरी भिंत. ऊन भिंतीवर आपटून परत अंगणातच यायचं.

"ओढ की गं, जेवली नाहीस काय," म्हातारा म्हणाला.

तिनं ओढलं. तो पुढं आणखी काही म्हणाला, सूर तोच, पण शब्द नव्हते. तुळसीनं वर पाहिलं. हातोडी खाली पडली होती. म्हातारा एका अंगावर कलत होता आणि कलताना तिच्याकडं बघत होता, जसं काही तिनंच त्याला ढकललं.

"अहो! बाहेर या हो! मामंजी पडले!"

बालाजीराव, तिचा नवरा, आतून धावत आला. दोघांनी म्हाताऱ्याला धरलं. कातडं तसंच राहिलं, संध्याकाळपर्यंत त्याला कुत्र्यांनी ओढून नेलं.

सरकारी दवाखान्यात अकरा दिवस काढले. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डॉक्टर म्हणाला, जीव राहिला हे नशीब समजा. घरी आणल्यावर म्हाताऱ्याकडं एकच आवाज उरला होता, 'ब्बा.' भूक लागली की ब्बा, राग आला की ब्बा, माशी बसली तरी ब्बा.

आणि फळीवर बाहुल्यांच्या पेटाऱ्याशेजारी मंडळाचं पत्र होतं.

हे घर चामड्याच्या बाहुल्या दिव्यापुढं धरून पडद्यावर सावल्यांचा खेळ करणाऱ्यांचं. तंजावरकडून कधीकाळी निघालेले लोक. घरात मराठी, पडद्यावर तमिळ. इरुंगाट्टुकोट्टैच्या मागं त्यांची आठ-दहा घरं होती तेव्हा आजूबाजूला नुसतं रान होतं, शेळ्या होत्या, गावोगाव देवीच्या जत्रेत खेळ होते. मग कंपन्या आल्या. शेळ्या गेल्या, जत्रेत सिनेमातली गाणी म्हणणारे ऑर्केस्ट्रा आले. बाकीच्या घरांनी पेटारे बांधले आणि कंपनीत लोडिंगला लागले. बालाजीरावही आठवड्यातले चार दिवस लोडिंगला जायचा. पण म्हातारा हटत नव्हता. 'माझा बाप सखोजी गेला तेव्हा पेटारा माझ्या मांडीवर देऊन गेला,' एवढं बोलला की पुढं कुणी काही बोलायचं नाही.

म्हणून एप्रिलात चेन्नईच्या कला मंडळाचं पत्र आलं, तेव्हा म्हाताऱ्यानं सगळ्या वस्तीला केशरी लाडू वाटले होते. मंडळ स्थानिक कलापथकांना अनुदान देत होतं. वर्षभरात वीस शाळांत खेळ करायचा, मुलांना कला समजावून द्यायची. गुरू : व्यंकोजीराव. पहिला हप्ता आलाही होता. त्यातून नवा पडदा, मृदंगाला नवी पुडी आणि हॅलोजनचा दिवा घेऊन झाला होता.

"पत्र परत करू," तुळसी म्हणाली.

"पडदा पण परत करशील? फाडून शिवलाय तो," बालाजीराव म्हणाला. "आणि अण्णांना काय सांगू? तुम्ही मुके झालात, मंडळाला तसं कळवलं म्हणून?"

खाटेवरून म्हातारा म्हणाला, "ब्बा."

खरी गोम अशी होती की बालाजीरावाचा हात सोन्याचा होता. एकटा माणूस चार-चार बाहुल्या नाचवायचा. पण हात चालला की त्याचं तोंड बंद व्हायचं, आणि तोंड उघडलं की हात थांबायचा. लहानपणापासून तसंच. सगळे आवाज म्हाताऱ्याचे होते. राजा, कुंभारीण, शेंडीवाला विदूषक, आणि तळी पिणारा राक्षस तळंप्या, सगळे एका गळ्यातून. तुळसी पडद्यामागं झांज वाजवायची, बाहुल्या हातात द्यायची, मध्येच एखादं गाणं म्हणायची. वीस वर्षं.

"मी म्हणेन," बालाजीराव म्हणाला. "महिनाभर तालीम करतों."

महिनाभर त्यानं तालीम केली. भिंतीकडं तोंड करून करायचा. चंद्रिका, त्यांची पोरगी, बारावीचं पुस्तक घेऊन उंबऱ्यात बसलेली असायची. एकदा ती बापाला म्हणाली, "नैना, तुमचा राक्षस रजा मागायला आल्यासारखा वाटतो." बालाजीरावानं तिच्या अंगावर झांज फेकली. नेम चुकला, पण झांज वाकली.

पहिली शाळा जुलैत होती. सकाळी दहाचा खेळ. वर्गाच्या खिडक्यांना घोंगड्या आणि काळे कागद लावून अंधार केलेला. आत शंभर पोरं, एक दिवा, पंखा बंद, कारण पंख्यानं पडदा हलतो. म्हाताऱ्याला शेअर रिक्षातून आणून पडद्यामागं खुर्चीत बसवलं होतं. मंडळाच्या पत्रावर त्याचं नाव होतं, तो हजर पाहिजेच.

बालाजीरावानं बाहुल्या पडद्याला टेकवल्या. त्याआधी सुरुवातीचा मृदंगही त्यानंच वाजवून घेतला होता. आता खेळाच्या मालकानं नाव सांगायचं. त्यांच्या खेळाची ही रीत आहे. पडद्यामागचा माणूस दिसत नाही, म्हणून बाहुल्या तोंड उघडण्याआधी मालकाचं आणि त्याच्या बापाचं नाव आवाजातून सांगायचं. त्याशिवाय बाहुली बोलली तर ते भूत, असं जुने लोक म्हणायचे.

बालाजीरावानं तोंड उघडलं. काही आलं नाही. हाफपँटमधलं पोर धडा न येता मास्तरापुढं उभं राहावं तसा तो उभा राहिला. मानेवरून घाम चालला होता. पुढं पोरं चुळबुळ करायला लागली, कुणीतरी शिट्टी घातली, एक मास्तर ओरडला.

तुळसी झांजा हातात धरून बसली होती. सासऱ्याचं नाव तिनं जन्मात उच्चारलं नव्हतं. रेशनकार्डाच्या रांगेतसुद्धा ती नवऱ्याकडं बोट दाखवायची. तिनं खुर्चीतल्या म्हाताऱ्याकडं पाहिलं नाही. गळा खाली ओढला, पोटातून दम घेतला आणि म्हणाली,

"मी व्यंकोजी, सखोजीचा लेक, बोलतों. सभेनं ऐकावं."

पोरं गप्प झाली.

बालाजीरावाच्या हातातल्या बाहुल्या हलायला लागल्या. मग कुंभारीण बोलली, शेंडीवाला बोलला, तळंप्या आला आणि म्हणाला तुमचं तळं मला एका घोटाला पुरत नाही. समोरची शंभर पोरं किंचाळली. तुळसीला स्वतःलाच कळेना हे कुठं ठेवलं होतं आपण. दिव्याच्या धगीनं तिचे डोळे चुरचुरत होते, लुगडं पाठीला चिकटलं होतं, आणि आवाज येतच होता. मध्ये मंडळानं सांगितलेलं कलम घालायचं होतं, पाणी उकळून प्या, जेवणाआधी हात धुवा. तिनं ते शेंडीवाल्याच्या तोंडी घातलं. "राक्षसा, हात धुतलेस काय? मग तळं कसा पितोस?" मास्तरही हसले.

खेळ संपला. हेडमास्तर हार घेऊन पडद्यामागं आले आणि खुर्चीपाशी वाकले. "आजोबा, या वयात हा आवाज!"

म्हातारा त्यांच्याकडं बघत राहिला. हार गळ्यात पडला.

"दमलेत," बालाजीराव म्हणाला. "खेळ झाल्यावर बोलत नाहीत."

 घरी आल्यावर बालाजीरावानं तिच्या ताटात स्वतः भात वाढला. एवढंच.

त्यानंतर दुसरी शाळा, तिसरी शाळा. श्रीपेरुम्बुदूर, पूनमल्ली, कधी पार समुद्राकडंच्या शाळा. पहाटे उठून म्हाताऱ्याला धुवायचं, कपडे घालायचे, खायला घालायचं. पेटारा, बांबू, पडदा, दिवा रिक्षात कोंबायचे. खेळ करायचा, परत यायचं, दुपारी स्वयंपाक. तुळसीच्या गळ्यात सारखं काहीतरी टोचायचं. सकाळी थुंकली तर कधी तांबूस दिसायचं. मिरी आणि ताडाची खडीसाखर गालात धरून ती घरात खुणांनी बोलायला लागली. मीठ हवं तर बोटं चोळायची, पाणी हवं तर मूठ तोंडाला.

"आता घरात दोन मुके," चंद्रिका म्हणाली.

"दोन कुठं, तीन की," बालाजीराव म्हणाला. आपल्यावरच हसला बिचारा.

सहाव्या शाळेत मंडळाच्या बाई आल्या, कृष्णवेणी. चाळिशीच्या, सुती साडी, खांद्याला झोळी, झोळीत टेपरेकॉर्डर. त्यांनी तो टेप पडद्याच्या पुढं ठेवला आणि पहिल्या रांगेत पोरांबरोबर जमिनीवर मांडी घालून बसल्या. खेळ झाल्यावर पडद्यामागं आल्या तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. बाई चांगल्या होत्या, ते नाकारण्यात अर्थ नाही.

त्या म्हाताऱ्याच्या पायाशी बसल्या. "गुरुजी, तळंप्याचा आवाज तुम्ही कुणाकडनं घेतला?"

म्हाताऱ्याच्या तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ निघाली होती. तुळसीनं पदरानं पुसली.

"मॅडम," बालाजीराव म्हणाला, "आमच्यात गुरू पडद्याबाहेर बोलत नाही. आवाज बाहुल्यांचा असतो की. बाहेर बोलला तर उष्टा होतो."

तुळसीनं चमकून नवऱ्याकडं पाहिलं. ही रीत तिनं आजच ऐकली होती. म्हातारा तर जन्मभर पडद्याबाहेर वस्तीला नको होईस्तोवर बोलला होता.

"किती सुंदर," कृष्णवेणी म्हणाल्या आणि वहीत लिहून घेतलं. मग फोटो काढायचा होता. "अम्मा, तुम्ही जरा बाजूला व्हा. गुरुजींवर सावली येतेय."

तुळसी बाजूला झाली. पेटाऱ्यात बाहुल्या ठेवायला लागली. बऱ्या बाहुल्या वर, राक्षस खाली, मध्ये चटई, त्यांची तोंडं एकमेकांना लागू द्यायची नाहीत. मागं कॅमेऱ्याचा उजेड दोनदा चमकला.

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी सकाळी ती नवऱ्याला म्हणाली, "उष्टा होतो म्हणे."

"मग काय सांगू? सुचलं ते बोललों."

"तुम्हाला सुचतें हे नवीन."

"तुळशे, तोंड सांभाळ."

"सांभाळतेंच की. तीन तास खेळात, बाकी मिरी चघळत."

फेब्रुवारीत वीस शाळा संपल्या. तेव्हा दोन पत्रं आली, एकाच पाकिटात. चंद्रिकानं वाचून दाखवली. पहिलं असं, की व्यंकोजीरावांचं काम पाहून अनुदान आणखी तीन वर्षं वाढवलंय. बालाजीरावानं पत्र घेऊन म्हाताऱ्याच्या डाव्या हातात दिलं.

दुसरं छापील होतं, सगळ्या पथकांना पाठवलेलं. सिरुसेरीच्या पुढं मुलींची निवासी शाळा आहे, तिथं बाहुल्यांचा खेळ शिकवायला एक बाई पाहिजे. महिन्याला पगार, राहायला खोली. अट एकच, खेळात आवाज देण्याचा अनुभव.

चंद्रिका वाचता वाचता थांबली. "आई. ही तुझीच जागा आहे."

तुळसी तांदूळ निवडत होती. हात थांबले नाहीत. "काय लिहिलंय परत वाच."

चंद्रिकानं परत वाचलं. "खोली पण आहे, आई. मला तिथनं कॉलेजला डायरेक्ट बस. आपण दोघी जाऊ."

"आणि इथं?" बालाजीराव म्हणाला. "अण्णांना कोण धुईल? तीन वर्षांचे खेळ कोण बोलेल?"

"तुम्ही," चंद्रिका म्हणाली.

"तू गप. मोठी आलीस." तो तुळसीकडं वळला. "अनुभव आहे म्हणून काय सांगशील? विचारतील, कुठं बोललात? मग? वीस शाळांची सर्टिफिकेटं अण्णांच्या नावावर आहेत. मला आत टाकतील की."

तुळसीनं सूप झटकलं, खडे वेचले, तांदूळ धुतले. भात लावून झाल्यावर म्हणाली, "मी जाऊन येतें. विचारून येतें नुसतं."

"जा. हात दाखवून अवलक्षण कर."

मंडळाचं ऑफिस तिरुवल्लिकेणीत होतं. पूनमल्लीला बस बदलून दोघी मायलेकी अकराला उतरल्या. बोळ इतका अरुंद की समोरच्या मॅन्शन नावाच्या लॉजमधल्या एकट्या पुरुषांच्या वाळत घातलेल्या लुंग्या डोक्याला लागतील. खाली खाणावळ, वर ऑफिस. जिन्यात सांबाराचा वास. तुळसीनं लग्नातली साडी नेसली होती आणि पायात चंद्रिकाच्या चपला होत्या, एक नंबर लहान. टाचा बाहेर येत होत्या.

कृष्णवेणी टेबलामागून उठून आल्या. "अरे, गुरुजींची सून! या, या. गुरुजी कसे आहेत?"

"बरे आहेत." तुळसी खुर्चीच्या कडेला टेकली. छापील पत्र टेबलावर ठेवलं. "ही जागा. मला पाहिजे."

"तुम्हाला?" बाईंनी पत्र पाहिलं, तिच्याकडं पाहिलं. "पण अम्मा, यात आवाज देणारी पाहिजे. तुम्ही झांजा वाजवता ना?"

"मला येतात आवाज."

"बघू तर. करून दाखवा."

ऑफिसात आणखी दोन माणसं टाइप करत होती. ती थांबली. तुळसीनं पडद्याशिवाय कधी केलं नव्हतं. कुठं बघावं कळेना. शेवटी तिनं टेबलावरच्या पेनांच्या डब्याकडं बघत कुंभारीण काढली, मग तळंप्या. 'तुमचं तळं मला एका घोटाला पुरत नाही.' खिडकीतून समोरच्या मॅन्शनमधला एक माणूस दाढी करता करता बाहेर डोकावला.

कृष्णवेणींनी टाळ्या वाजवल्या. टाइप करणाऱ्यांनीही.

"अय्यो! हुबेहूब गुरुजी! डोळे मिटले तर फरक कळणार नाही. काय नक्कल आहे हो." मग त्यांचा चेहरा जरा मऊ पडला. "पण अम्मा, रागावू नका. नक्कल वेगळी आणि कला वेगळी. तिथं मुलींना मूळ विद्या शिकवायची आहे."

चंद्रिका म्हणाली, "मॅडम, ती नक्कल नाहीये."

तुळसीनं तिच्या मांडीवर हात ठेवला. स्वतःच बोलली. "मामंजींची वाचा मागल्या मे महिन्यात गेली. वीसच्या वीस शाळा मी बोललें."

टाइपरायटर बंदच होते. कृष्णवेणींनी त्या दोघांना चहा आणायला खाली पाठवलं. दार लावून घेतलं. मग कपाटातून टेप काढून यंत्रात घातली. खर्र झालं, पोरांचा गोंगाट, मृदंग. आणि मग पोटातून आलेला जाड आवाज.

'मी व्यंकोजी, सखोजीचा लेक, बोलतों. सभेनं ऐकावं.'

बाईंनी बटण दाबलं. "हे कोण?"

"मीच."

"तुम्ही आहात व्यंकोजी?"

"नाही की. तसं म्हणायची रीत आहे."

"म्हणजे तुम्ही दर वेळी, प्रत्येक शाळेत, पोरांना सांगितलं की बोलणारा व्यंकोजी आहे."

"नाव सांगितल्याशिवाय बाहुली बोलत नाही," तुळसी म्हणाली. हे घरी किती सोपं वाटायचं. इथं टेबलापाशी तिला स्वतःलाच ते चोरासारखं ऐकू आलं.

"आणि गुरू पडद्याबाहेर बोलत नाही, ती पण रीत?"

तुळसीनं बाहेर आलेली टाच चपलेत ढकलली.

"ते मी पुस्तिकेत छापलंय, अम्मा," कृष्णवेणी म्हणाल्या. आवाज चढला नाही, उलट उतरला. "फाइल वरपर्यंत गेलीय. गुरुजींच्या नावानं तीन वर्षं मंजूर झालीत. तुम्ही म्हणता ते मी लिहून घेतलं, तर मला वीस शाळांकडून लेखी आणावं लागेल की आम्हाला फसवलं. दिलेलं सगळं परत मागावं लागेल. तुमच्या नवऱ्यानं सह्या केल्यात." त्या थांबल्या. "आणि माझ्याही आहेत."

खाली खाणावळीत भांडी आपटत होती.

"मग मी कोण?" तुळसी म्हणाली.

बाईंनी खणातून एक फॉर्म काढला. खरंच मदत करायची होती त्यांना, चेहऱ्यावर दिसत होतं. "ऐका. नव्या अनुदानात एक शिष्य घेता येतो. मी तुमचं नाव घालते. गुरुजींकडं रोज एक तास शिकायचं, तीन वर्षं. हजेरीचं रजिस्टर ठेवायचं, गुरुजींचा अंगठा, तुमची सही. तीन वर्षांनी मंडळच तुम्हाला सर्टिफिकेट देईल. मग अशा जागा कितीतरी. कुणाला काही विचारायची सोय राहणार नाही."

"ते शिकवणार कसे? त्यांना बोलता येत नाही."

"ते तुम्ही मला सांगितलेलं नाहीये," कृष्णवेणी म्हणाल्या. "मी ऐकलेलं नाही. सेरी, ठीक आहे ना?"

चहा आला. तुळसीनं तो संपवला, कारण टाकून उठणं बरं दिसलं नसतं. मग फॉर्मवर बाईंनी बोट ठेवलं तिथं सही केली. 'कलेचा पूर्वानुभव' अशी एक ओळ होती. बाईंनीच त्यात लिहिलं, नाही.

बसमध्ये चंद्रिका पूनमल्लीपर्यंत खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "तू सही का केलीस?"

"तुझ्या बापाच्या सह्या आहेत की."

"आणि माझं कॉलेज?"

तुळसीनं चपला काढून पाय एकमेकांवर ठेवले. टाचा सोलल्या होत्या. "तीन वर्षं," ती म्हणाली. पोरगी तोवर वीस ओलांडेल, हा हिशेब दोघींनाही येत होता.

बालाजीराव मात्र खूश झाला. फॉर्मची प्रत उलटीपालटी करून बघितली. "बघ, नाव तर आलं की कागदावर! तुझं पण." त्यानं बाजारातून रजिस्टर आणलं, शाईचा डबा आणला, जांभळी शाई. रेघा मारून दिल्या. तारीख, वेळ, गुरूंनी काय शिकवलं, अंगठा, सही. तपासायला कुणीही कधीही येईल, म्हणून रोज दुपारी तीन ते चार चुकवायचं नाही, असं दोनदा बजावलं आणि लोडिंगच्या पाळीवर निघून गेला.

पहिल्या दिवशी तीन वाजता तिनं म्हाताऱ्याला उशीला टेकवून बसवलं. स्वतः खाली चटईवर बसली. चंद्रिका रजिस्टर घेऊन उंबऱ्यात.

"कर सुरू," चंद्रिका म्हणाली.

तुळसीला लाज वाटली. वर्षभर ती याच माणसाच्या पुढ्यात बोलली होती, पण तेव्हा तोंड पडद्याकडं असायचं आणि डोळ्यांत दिवा. आता म्हातारा हातभर अंतरावर होता आणि एका धड डोळ्यानं तिच्याकडं बघत होता. वर्षभरात त्यानं एकदाही काही दाखवलं नव्हतं, राग नाही, बरं वाटलं असंही नाही. तिनं पदर सारखा केला आणि हळू आवाजात कुंभारीण सुरू केली. मग राजा. मग तळंप्या.

"तळं प्यायलों, ओढा प्यायलों, आता तुमच्या विहिरी..."

म्हाताऱ्यानं डावा हात खाटेच्या दांड्यावर आपटला. "ब्बा!"

ती थांबली. "पाणी पाहिजे?" त्यानं मान हलवली. "भांडं आणू?" नाही. त्यानं परत दांड्यावर आपटलं आणि हात हवेत उघडा धरला, तसाच, बराच वेळ.

मग तिच्या लक्षात आलं. मामंजी या ठिकाणी थांबायचे. 'आता तुमच्या विहिरी' म्हणून गप्प व्हायचे, मुंगी चालली तर ऐकू येईल इतका वेळ, आणि मग पुढचं. तिनं पहिल्या शाळेत ते टाकलं होतं. थांबलें तर आवाज परत येणार नाही, ही भीती. न थांबता धावत गेली होती, आणि पोरं तिथं पुन्हा किंचाळली होती. मग वीसही शाळांत तसंच.

तिनं मागून सुरू केलं. त्या ठिकाणी आली, थांबली नाही.

"ब्बा!"

पुन्हा. पुन्हा थांबली नाही.

"ब्बा! ब्बा!" म्हाताऱ्याचा चेहरा काळानिळा झाला. लाळ छातीवर आली. हात दांड्यावर आपटून सालपटं निघाली.

"आई, थांब ना तिथं," चंद्रिका म्हणाली. "काय जातंय आपलं?"

तुळसी उठून खाटेच्या कडेवर बसली. म्हाताऱ्याचं मनगट धरलं. हाडं होती नुसती, पण जन्मभर बाहुल्या धरलेला हात तो, ताकद होती. तिनं तो गादीवर दाबून धरला आणि पूर्ण आवाज काढला. शाळेत काढायची त्याहून मोठा, त्याच्या तोंडावर, मध्ये पडदा नाही काही नाही. तळंप्या म्हणाला तळं प्यायलों, ओढा प्यायलों. तिच्या तळव्याखाली हात ओढ घेत होता. तिला त्याचे ओठ दिसत होते. जी बाजू हलायची ती तिच्याबरोबर हलत होती, शब्दाला शब्द. 'आता तुमच्या विहिरी' झालं आणि ते ओठ थांबले. ती पुढं गेली. विहिरी प्याली, घागरी प्याली, पोरांच्या डोळ्यांतलं पाणी प्याली, शेवटपर्यंत गेली.

भिंतीपलीकडे कुणीतरी फोर्कलिफ्ट मागं घेत होतं, त्याची टीं टीं चालली होती.

तिनं मनगट सोडलं नाही. "शाई आण."

चंद्रिकानं डबा आणला. तुळसीनं म्हाताऱ्याची मूठ एक-एक बोट करून उघडली, अंगठा शाईत दाबला, रजिस्टरवर दाबला. खाली आपली सही केली.

"काय शिकवलं, त्यात काय लिहू?" चंद्रिकानं विचारलं.

"तळंप्या लिही."

चंद्रिकानं लिहिलं. रजिस्टर मिटायला लागली.

"किती वाजले?"

"चारला वीस कमी."

"मग मिटू नको," तुळसी म्हणाली. "कुणी आलं तर. चार होऊं दे."

ती परत खाली चटईवर जाऊन बसली. म्हाताऱ्यानं जांभळा अंगठा छातीवर ठेवला होता आणि तो तिच्याकडं बघत होता. ती दाराकडं बघत होती.